कामावरून काढलेल्याने दाद कुठे मागायची?

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत माणसाला कामावरून काढायला पत्र लागत नसे. भरती जॉबरच्या म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या हातात आणि घरी बसवणंही त्याच्याच. त्याची मर्जी गेली की खात्यातली जागा गेली. १९२९ साली भारतातल्या कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटली कमिशनने या जॉबरशाहीवर आणि तिच्यातल्या लाचखोरीवर बोट ठेवलं. त्याच वर्षी गिरणगावात सार्वत्रिक संप झाला. युनियनच्या कामगारांना वेचून काढलं जातंय, ही त्यामागची मोठी तक्रार होती. दाद मागायला कोर्ट नव्हतं, म्हणून एका माणसाच्या नोकरीसाठी अख्खी गिरणी बंद पडायची.

मुंबई प्रांताने १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचा कायदा आणला. संपाच्या हक्कावर घाला म्हणून त्याला कडाडून विरोध झाला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. गिरणी कामगारांच्या बोलण्यातला तो ‘बीआयआर’. यात काढलेला कामगार स्वतः कामगार न्यायालयात जाऊ शकत होता, मात्र आधी तीन महिन्यांच्या आत मालकाला ‘अप्रोच लेटर’, म्हणजे तक्रार मांडून दाद मागणारं पत्र, द्यावं लागे. साधा कागद, पण तो दिला नाही म्हणून अर्ज बाद झाल्याची उदाहरणं आहेत.

उरलेल्या उद्योगांना लागू झाला १९४७ चा केंद्राचा औद्योगिक विवाद कायदा. त्याची मूळ कल्पनाच सामूहिक वादाची. एकट्यादुकट्याची बडतर्फी हा ‘औद्योगिक विवाद’ नव्हे; युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी प्रकरण उचललं तरच तो तसा होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये नागपूरच्या एका वाहतूक कंपनीच्या खटल्यात नोंदवलं. त्या कामगाराची केस टिकली ती मध्यप्रांत-वऱ्हाडच्या स्थानिक कायद्यामुळे. इतरत्र ज्याचं युनियनशी पटत नाही त्याला वालीच नव्हता. शिवाय प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचं की नाही हे सरकार ठरवणार. ही अडचण डिसेंबर १९६५ मध्ये कलम २-अ ने दूर केली, तीही अर्धीच. एकट्याचा वाद मान्य झाला, पण सरकारचा ‘रेफरन्स’ लागतच राहिला. समेट फिसकटो वा न फिसकटो, समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस झाले की थेट न्यायालयात जाण्याची मुभा मिळाली २०१० मध्ये.

माझ्या मते खरा बदल १९७१ चा आहे. तोवर न्यायालय पाहायचं ते चौकशी नीट झाली का, सूडबुद्धी होती का, निष्कर्ष अगदीच बिनबुडाचा आहे का, एवढंच. शिक्षा जास्त झाली का, हा प्रश्न मालकाच्या अखत्यारीत. १९४७ च्याच कायद्यात तेव्हा घातलेल्या कलम ११-अ ने तो अधिकार न्यायालयाला दिला. पाळीवर डुलकी लागली म्हणून वीस वर्षं काम केलेल्याला घालवणं योग्य का, हे आता न्यायाधीश तपासू शकत होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६३ च्या शिफारशीचा यामागे हात होता.

महाराष्ट्राने याच काळात आपली वेगळी वाट काढली. १९६८ मध्ये समिती नेमून अनुचित कामगार प्रथांचा कायदा केला आणि तो ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला. ‘एमआरटीयू-पल्प’ हे त्याचं चालू नाव. त्याच्या चौथ्या अनुसूचीचा पहिला परिच्छेद वाचला की मालक कसकसे माणसं घालवत होते त्याची यादीच समोर येते: खोट्या फौजदारी केसमध्ये गुंतवणं, विनापरवाना गैरहजेरीचा बनाव, घाईघाईत उरकलेली चौकशी, किरकोळ चुकीला जबर शिक्षा. नव्वद दिवसांत तक्रार, रेफरन्सची भानगड नाही आणि अंतरिम मनाईहुकूमही मिळू शकतो. कामगारांच्या वकिलांचा ओढा इकडे राहिला यात नवल नाही.

जिंकल्यावर मिळायचं काय, यावर मात्र न्यायालयांचं मत हेलकावत राहिलं. १९७८ च्या हिंदुस्तान टिन वर्क्स निकालात बडतर्फीच्या काळातला पूर्ण मागील पगार हा नियम मानला गेला. पुढे सूर बदलला. रोजंदारीवाल्यांना कामावर घेण्याऐवजी एकरकमी भरपाई मिळू लागली. ऑगस्ट २०१३ मध्ये औरंगाबादच्या एका शाळेतल्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पूर्ण पगार देवविला. चूक मालकाची असताना उपासमार कर्मचाऱ्याने का सोसायची, असा त्या निकालाचा रोख होता.

हे सगळं ‘कामगारा’साठी. व्यवस्थापक या व्याख्येबाहेर, आणि खाजगी कंपनीतल्या व्यवस्थापकाला दिवाणी न्यायालय सहसा नोकरी परत देत नाही, फार तर नुकसानभरपाई. हिंजवडीत ‘राजीनामा द्या’ म्हणून सांगितलेल्या टीम लीडरचा पहिला झगडा म्हणूनच आपण कामगार आहोत की नाही यावर होतो. हुद्द्याचं नाव मॅनेजर असलं तरी न्यायालय पाहतं ते प्रत्यक्ष काम.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. थेट अर्जाची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली, पर्यवेक्षकाला ‘कामगार’ मानण्यासाठीची पगारमर्यादा महिना १८,००० रुपये झाली, आणि बडतर्फीचे वाद एक न्यायिक व एक प्रशासकीय सदस्य असलेल्या न्यायाधिकरणापुढे चालावेत अशी तरतूद आहे.