कढीपत्त्यावरची अळी

कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली, तर पुसण्याआधी जरा वाकून बघा. ती लांबट असेल, एका टोकाला फुगीर असेल आणि दुपारपर्यंत शेजारच्या पानावर गेली असेल, तर ती कॉमन मॉर्मन किंवा लाइम बटरफ्लाय या फुलपाखराची अळी आहे. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि या अळ्या त्याच कुळाची पानं खातात. मादी पानावर पुढचे पाय आपटून चव घेते आणि पान योग्य वाटलं तरच अंडं घालते. नाशिकमध्ये इंदिरानगर असो की गंगापूर रोड, गॅलरीत नीट वाढलेला कढीपत्ता असला की ती येण्याची शक्यता चांगली असते.

फ्लॅटमध्ये निसर्ग हवा म्हणून बरेच जण ‘हवा शुद्ध करणारी’ झाडं आणतात. हा समज नासाच्या 1989च्या प्रयोगावरून पसरला. पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. राहत्या घरातली हवा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानेच बदलते, चार कुंड्यांचा त्यात वाटा नगण्य. झाडांचा खरा उपयोग मनाला होतो. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्यांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार काम करताना किंवा गाडी चालवताना लक्ष ओढून धरावं लागतं, म्हणून ते थकतं. हलणाऱ्या पानाकडे, चरणाऱ्या अळीकडे लक्ष आपसूक जातं आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं. आमच्या मते म्हणूनच शोभेच्या दहा कुंड्यांपेक्षा जिथे रोज काहीतरी घडतं अशी एक कुंडी मोलाची.

12 इंची कुंडीत साधारण 15 लिटर मिश्रण बसतं: 6 लिटर पोयटा माती, 4 लिटर भिजवून पिळलेलं कोकोपीट, 4 लिटर गांडूळखत, 1 लिटर वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती नुसती भरू नका. ती पाण्याने फुगते, छिद्रं बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही. पाणी घातलेली कुंडी सहज 15 ते 20 किलोची होते, त्यामुळे ती कठड्यावर न ठेवता खाली, भिंतीलगत ठेवा. ऊन 5-6 तास हवं. गॅलरी पश्चिमेची असेल, तर एप्रिल-मेमध्ये प्लास्टिकची कुंडी तापून मुळं भाजतात. तेव्हा कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

नाशिकच्या गॅलऱ्यांत कढीपत्ता बहुतेकदा थंडीत दगावतो, आणि तोही थंडीने नाही, पाण्याने. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की झाडाची वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात. झाड सुकलं असं वाटून लोक पाणी वाढवतात आणि मुळं कुजतात. त्या दिवसांत बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी घाला आणि खत पूर्ण बंद ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीस नवी पालवी फुटते.

नर्सरीतून आणलेल्या रोपावर औषध फवारलेलं असू शकतं. म्हणून पहिले तीन आठवडे पानं फोडणीत घालू नका आणि जुनी पानं खुडून टाका. नंतर कडुनिंबाचं तेलसुद्धा फवारायचं नाही, त्याने अळ्या मरतात.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं अंडं शोधा. तीन-चार दिवसांत अळी निघते. तिचं शिटेसारखं रूप पक्ष्यांना फसवतं. पण अंगाने वाढल्यावर एवढी मोठी शीट कोणाला खरी वाटणार? म्हणून शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. तेव्हा काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रू त्याने दूर राहतात. दोन फुटी झाडाला दोन-तीन अळ्या सोसतात. आठ-दहा झाल्या तर झाड बोडकं होतं आणि अळ्याही उपाशी मरतात; जास्तीच्या अळ्या पानासकट लिंबाच्या रोपावर ठेवा. खाल्लेल्या फांद्यांना पुन्हा पालवी येते.

दोन-अडीच आठवड्यांनी अळी अचानक झाडावरून गायब होते. ग्रिल, भिंत, दोरीचा खिळा असं काहीतरी शोधून ती रेशमी धाग्याने स्वतःला बांधून कोष करते. तिथे आठ-दहा दिवस झाडू फिरवू नका. कोषाला बारीक गोल भोक दिसलं, तर आतून गांधीलमाशीच्या जातीतला परजीवी कीटक निघून गेलेला असतो. कोष काळपट होऊन आतले पंख दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. बाहेर आलेलं फुलपाखरू उभ्या पृष्ठभागाला लटकून तास-दोन तास पंख ताणतं. या वेळात खाली पडलं तर पंख चुरगळलेलेच वाळतात, म्हणून त्याला बोट लावू नका. पडलंच तर समोर एक काडी तिरकी धरा, ते स्वतःच वर चढतं.