गाठ नाही, तरी डोक्यात दाब

सोलापुरात डोकं दुखू लागलं की पहिला दोष उन्हाला, दुसरा पित्ताला आणि तिसरा चष्म्याच्या नंबराला. बहुतेक वेळा त्यातलं काहीतरी खरंही निघतं. पण तिशीच्या आसपासची, अलीकडे वजन वाढलेली बाई सांगते की विड्या वळताना वाकलेलं डोकं वर केलं की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात नाडीच्या ठोक्यागणिक घूं घूं वाजतं. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात भागत नाही. औषध घालून, बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा बघावा लागतो. तिथे डोळ्याच्या नसेचं तोंड सुजलेलं दिसलं तर कवटीतला दाब वाढल्याची शंका येते. पुढे एमआरआयमध्ये गाठ नाही, शिरांत गुठळी नाही, पाठीतून काढलेलं पाणीही स्वच्छ, फक्त त्याचा दाब जास्त, असं निघालं की कागदावर ‘इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन’ लिहिलं जातं. म्हणजे कारण न सापडलेला दाब. ‘कारण सापडलं नाही’ हा शेरा गेली सव्वाशे वर्षं तसाच आहे. तो ज्यांच्यावर बसतो ते रुग्ण मात्र प्रत्येक नव्या तपासणीनंतर बदलत गेले.

डोळ्याच्या आत बघायचं उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये आणलं. जर्मनीतल्याच हाइन्रिख क्विंके या डॉक्टरने 1891 मध्ये कमरेच्या मणक्यांतून सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढून दाखवलं, आणि दाब मोजता येऊ लागला. गाठीसारखी सगळी लक्षणं असूनही गाठ न सापडलेले रुग्ण त्याने नोंदवले. माक्स नोने या जर्मन डॉक्टरने 1904 मध्ये या आजाराला ‘स्यूडोट्यूमर’, म्हणजे खोटी गाठ, म्हटलं. सुई म्हटलं की आपल्याकडे आजही घरचे नकार देतात, ‘पाठीतलं पाणी काढलं की कंबर कायमची जाते’ म्हणून. ती भीती निराधार आहे. मेंदू-मणक्याभोवती एका वेळी साधारण 150 मिलिलीटर पाणी असतं आणि शरीर दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवं बनवतं. म्हणूनच काढलेलं पाणी लगेच भरून येतं, आणि त्याचमुळे नुसत्या सुईने मिळालेला आराम टिकत नाही.

वॉल्टर डँडी या अमेरिकन शल्यविशारदाने 1937 मध्ये असे 22 रुग्ण मांडले. तेव्हा स्कॅन नव्हते. मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायचा, ही युक्ती त्याचीच. त्यावरूनच तो गाठ नसल्याचं ठरवी. उपचार म्हणजे कानशिलाखालचं हाड काढून मेंदूला जागा करून देणं. त्याने घालून दिलेले निदानाचे निकष नंतर सुधारले गेले, पण पाया तोच राहिला.

1955 मध्ये या आजाराला ‘बिनाइन’ म्हणजे निरुपद्रवी असं विशेषण लागलं. कर्करोग नाही, जीव जात नाही, एवढ्याच अर्थाने ते खरं होतं. नुकसान डोळ्यांत होत होतं. 1982 मध्ये 57 रुग्णांचा 5 ते 41 वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या 14 जणांची एका किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी गंभीरपणे गेली होती, काहींची तर लक्षणं सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनी, वर्षांनी. ते विशेषण मागे पडलं ते बरंच झालं.

दरम्यान सीटी स्कॅन आला (पहिला रुग्ण 1971), मग एमआरआय, मग शिरा दाखवणारी एमआर व्हेनोग्राफी. पूर्वी ‘कारण नाही’ म्हणून सोडलेल्या काहींच्या मेंदूतल्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. आपल्याकडे बाळंतपणानंतर डोकं दुखणाऱ्या बाईची ही तपासणी चुकवून चालत नाही. मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्याही असा दाब वाढवू शकतात. चालू औषधं विचारल्याशिवाय हे कळत नाही.

उपचारांची दिशा आता हाडाकडून वजनाकडे वळली आहे. 2014 मधल्या अमेरिकी चाचणीत, दृष्टी थोडी बाधित झालेल्या 165 रुग्णांवर, कमी मिठाच्या, वजन घटवणाऱ्या आहाराला अॅसिटाझोलामाइड या, मेंदूभोवतीचं पाणी कमी बनवणाऱ्या गोळीची जोड दिल्यावर दृष्टी नुसत्या आहारापेक्षा जास्त सुधारली. गोळीने हातापायांना मुंग्या येतात, म्हणून अनेक जणी ती मध्येच सोडतात. कमी मिठाचं म्हणाल तर ताटातल्या शेंगा चटणीपर्यंत प्रश्न येतो. भाकरीला हात लावायची गरज नाही, चटणीचं प्रमाण मात्र बघावं लागतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या 2010 मधल्या अभ्यासात तीन महिने रोज फक्त 425 कॅलरींच्या आहारावर ठेवल्यावर स्त्रियांचा दाब उतरला. हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीतला होता, घरच्या उपासाशी त्याचा संबंध लावू नये.

गोळ्या आणि वजन पुरे पडत नाहीत आणि नजर झपाट्याने जाते, तेव्हा शंट, म्हणजे जास्तीचं पाणी दुसरीकडे वळवणारी नळी, बसवतात किंवा डोळ्याच्या नसेभोवतालच्या आवरणाला छेद देतात. 2002 पासून मेंदूतल्या अरुंद झालेल्या शिरेत ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घालणंही सुरू झालं. पण ती अरुंदी दाबाचं कारण की परिणाम, यावर अजून वाद आहे, कारण पाणी काढून दाब उतरवल्यावर काहींची शीर आपणहून मोकळी झालेली दिसते.