कोकणचे मऊ पाणी आणि नळातले शिसे

कोकणातल्या माणसाला आपल्या विहिरीच्या पाण्याचा अभिमान असतो, आणि तो खोटा नाही. जांभ्या दगडातून झिरपलेले हे पाणी चवीला गोड लागते, त्यात साबणाला पटकन फेस येतो, डाळ लवकर शिजते. घाटावर हंड्याच्या आत जे पांढरे पुट चढते, ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांत दिसत नाही. मात्र पाण्याचा हाच गुण एका बाबतीत अडचणीचा ठरतो. असे पाणी धातूला लागून राहिले की त्याचा थोडा थोडा अंश विरघळवून घेते. त्या धातूत शिसे असेल तर तेही पाण्यात उतरते.

कारण जांभ्यातच आहे. लाखो वर्षांच्या पावसाने या दगडातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेले, मागे राहिली ती मुख्यतः लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेले असते. ते आम्ल मारायला जांभ्यात फारसे काही उरलेले नाही. त्यामुळे विहिरीत येणारे पाणी मऊ, म्हणजे हे क्षार कमी असलेले, आणि बऱ्याचदा थोडे आम्लधर्मी असते. जड पाण्यातले क्षार पाइपच्या आतून थर धरतात आणि तो थर धातूला पाण्यापासून काहीसा दूर ठेवतो. मऊ पाण्याला हे संरक्षण मिळत नाही.

आता, विहिरीत शिसे नसेल तर ते येते कुठून? विहीर आणि पेला यांच्या मधल्या वाटेवरून. पितळ लेथवर सहज कापले जावे म्हणून त्यात शिसे मिसळतात. अशा पितळेत ते दोन-तीन टक्के, कधी त्याहून जास्त असते. जुन्या डागकामातल्या कथलातही शिसे असे. पीव्हीसी पाइप उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात शिशाचे क्षार घालण्याची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षे होती. ती बंद करण्यासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले, पण त्याआधी टाकलेले पाइप अजून जागेवरच आहेत. कोकणात सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभा खोदून पाइप पुरणे कष्टाचे, म्हणून कितीतरी ठिकाणी ते उघड्यावर, उन्हात पडलेले असतात. उन्हाने पीव्हीसीचा पृष्ठभाग खराब होतो आणि शिसे सुटण्याची शक्यता वाढते.

शिवाय इथल्या घरांची एक रीत आहे, तिचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. घरातली माणसे मुंबईला, आणि घर वर्षाचा मोठा भाग बंद. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी येतात, कुलूप निघते, नळ सुरू होतो. त्या नळात आणि पाइपात पाणी आठवडेच्या आठवडे साचून होते. पाणी धातूला जितका वेळ चिकटून राहील तितके शिसे जास्त, म्हणून अशा घरातला पहिला तांब्या सर्वांत वाईट. जूनमध्ये उघडणाऱ्या शाळांच्या नळांचेही तेच. आणि ते पाणी पिणारी मुले असतात, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

मुलांचे शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाच पट अंश शोषून घेते. शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून ते हाडांत साठते, चेतापेशींच्या कामात शिरते आणि वाढत्या मेंदूची हानी करते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. रक्तात अमुक इतके शिसे असले तरी चालते, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम आहे. छपरावरची हजार लिटरची टाकी भरलेली असेल आणि त्यात तांदळाच्या दाण्याच्या साधारण निम्म्या वजनाइतके शिसे विरघळले, तर ती मर्यादा गाठली जाते. एवढ्याने चव, वास, रंग काहीही बदलत नाही. घरोघरी आलेले टीडीएस मीटरही इथे निरुपयोगी आहे. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्याची सर्वांत लहान पायरीच लिटरला 1 मिलिग्रॅमची असते, म्हणजे शिशाच्या मर्यादेच्या शंभर पट. मीटरवर 40 आकडा पाहून ‘पाणी एकदम शुद्ध’ म्हणणारे बरेच भेटतात. त्या आकड्यावरून शिशाबद्दल काहीच कळत नाही.

प्रयोगशाळेतली यंत्रे हे काम उत्तम करतात, पण ती महाग असतात आणि नमुना त्यांच्यापर्यंत न्यावा लागतो. त्यातही नमुना बऱ्याचदा घेतला जातो विहिरीतून किंवा टाकीतून. शिसे तर त्याच्या पुढे मिसळते! म्हणून मोजणी नळाशी व्हायला हवी, आणि त्यासाठीच हातात मावणारे सेन्सर महत्त्वाचे आहेत.

यातले सर्वांत मुरलेले तंत्र विद्युतरासायनिक आहे. त्याचे मूळ प्रागच्या यारोस्लाव हेरोव्स्की यांच्या 1922 मधल्या पोलरोग्राफीत, म्हणजे विजेच्या प्रवाहावरून द्रावणातले पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीत आहे. त्यासाठी त्यांना 1959 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आजचे रूप असे: एका छोट्या पट्टीवर कार्बनचे इलेक्ट्रोड छापलेले असतात. मधुमेहींच्या साखर तपासायच्या पट्ट्याही याच प्रकारच्या छपाईने बनतात. पाण्यात थोडे आम्लधर्मी द्रावण मिसळून पट्टी त्यात बुडवायची. यंत्र इलेक्ट्रोडला साधारण उणे एक व्होल्टचा दाब देते. पाण्यातले शिशाचे धनभारित आयन तिकडे ओढले जातात, इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन तिथेच बसतात. दोन-चार मिनिटे हे जमू द्यायचे. मग व्होल्टेज हळूहळू धन बाजूकडे न्यायचे. उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास साठलेले शिसे इलेक्ट्रॉन सोडून पुन्हा पाण्यात उतरते आणि त्या क्षणी विजेचा प्रवाह उसळतो. उसळी जितकी उंच, तितके शिसे जास्त. कॅडमियम याच्या आधी सुटते, तांबे नंतर, म्हणून कोणता धातू आहे तेही व्होल्टेजवरून ओळखता येते.

या पद्धतीची खरी खुबी आधी साठवून मग मोजण्यात आहे. पाण्यात विखुरलेले शिसे एका ठिपक्यावर गोळा होते, म्हणून साध्या बॅटरीवर चालणारे यंत्रही लिटरला काही मायक्रोग्रॅमपर्यंत पोचते. पूर्वी या इलेक्ट्रोडसाठी पारा वापरत. पाणी तपासायला विषारी पारा घेऊन गावोगाव फिरणे कुणालाच नको होते. 2000 मध्ये जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरून दाखवला आणि पुढची वाट मोकळी झाली.

दुसरी दिशा जीवशास्त्रातून आली. 1994 मध्ये रोनाल्ड ब्रेकर आणि जेराल्ड जॉयस यांनी शिशाच्या आयनांच्या उपस्थितीत कात्रीचे काम करणारा डीएनएचा तुकडा शोधला. 2000 मध्ये इलिनॉय विद्यापीठात यी लू यांच्या गटाने अशा डीएनएपासून शिशाचा सेन्सर बनवला. शिसे आले की साखळी तुटते आणि तिला जोडलेला, एरवी दाबून ठेवलेला चमकणारा रेणू उजळतो. ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराचे, सेन्सरही आता प्रयोगशाळांतून बाहेर पडू पाहत आहेत.

कोकणच्या पाण्यात मात्र या सेन्सरांची परीक्षा कठीण आहे. जांभ्यातल्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असते. लोहाचे तांबूस कण शिसे स्वतःवर धरून ठेवतात. सेन्सरला दिसते ते विरघळलेले शिसे. कणांवरचे शिसे आम्ल घालून सोडवल्याशिवाय मोजलेच जात नाही, पण पोटातल्या आम्लात ते सुटू शकते. पावसाळ्यात पालापाचोळ्यातून येणारे सेंद्रिय पदार्थ शिशाला बांधून ठेवतात. खाडीकाठच्या विहिरीत मचूळ पाणी शिरते, तिथे मोजणीचे गणितच बदलते. यावर जुना, भरवशाचा उपाय आहे: त्याच नमुन्यात माहीत असलेले शिसे मुद्दाम मिसळायचे आणि उसळी अपेक्षेइतकी वाढते का पाहायचे. ज्या यंत्रात ही सोय नाही, त्याच्या आकड्यावर मी कोकणात विसंबणार नाही. आणि आषाढातल्या दमट हवेत पट्ट्या हवाबंद डब्यात ठेवणे ही तर पहिली अट.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायला शिकवले गेले आहे, ग्रामपंचायतीत जलसुरक्षकही असतो. त्यांच्या नेहमीच्या संचात सामू (पीएच), कठीणपणा (पाण्याचा जडपणा), क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड अशा चाचण्या असतात. शिशाची सहसा नसते. माझ्या मते तालुक्याला शिशाचे थोडे चांगले सेन्सर असावेत आणि ते आधी शाळा-अंगणवाड्यांच्या नळांवर फिरावेत. मर्यादेच्या जवळपास किंवा वर आकडा आला की तो नमुना जड धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा.

नमुने दोन घ्यावेत. पहिला सकाळी, नळ रात्रभर बंद राहिल्यावर येणारे अगदी पहिले पाणी. दुसरा नळ पाच मिनिटे सोडल्यावर. पहिल्यात शिसे जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल तर दोष घरातल्या नळात, जोडात किंवा पाइपात आहे. दोन्हीत जास्त असेल तर मागे टाकीपर्यंत, विहिरीपर्यंत शोधत जावे लागेल. सोडलेले पाणी वाया घालवायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीत ते झाडांना, धुण्याला जावे. पाणी उकळून शिसे जात नाही, उलट वाफ गेल्याने किंचित दाट होते. तुरटीवर विसंबू नये. आरओ ते काढू शकते, पण दोष एका नळाचा असेल तर नळ बदलणे स्वस्त पडते. बदलताना शिसे नसलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. साधे पितळच बसवले असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे त्यातून शिसे जास्त सुटू शकते. तोवर पिण्याचे पाणी दुसरीकडून भरावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच नळाचे सकाळचे पहिले पाणी पुन्हा मोजावे.