३ मिलिमीटरच्या किड्यासाठी कॅमेरा निवडताना

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत नवती फुटली, की कोवळ्या पानांवर सिला नावाचा किडा दिसू लागतो. पूर्ण वाढलेला सिला जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचा. पंखांवर तपकिरी डाग, आणि बसतो तो डोकं खाली, शेपटीकडची बाजू वर, असा तिरका. झाडाला हळूहळू संपवणारा ग्रीनिंग रोग हाच किडा पसरवतो, त्यामुळे तो वेळीच ओळखता येणं बागायतदारासाठी फार महत्त्वाचं असतं. त्याचा ओळख पटेल असा फोटो काढायचा तर कॅमेरा कोणता घ्यावा? नागपुरात बर्डीवरच्या कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात हा प्रश्न विचारा, उत्तराची सुरुवात मेगापिक्सेलपासून होते. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. क्लोज-अपमध्ये आधी बघायचं की विषय केवढा आहे, त्याच्या किती जवळ जाता येईल आणि प्रकाश कुठून आणायचा. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, त्यानंतर.

खऱ्या मॅक्रो लेन्सवर १:१ हे प्रमाण दिलेलं असतं. म्हणजे ३ मिलिमीटरच्या सिलाची सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडणारी प्रतिमाही ३ मिलिमीटरचीच. बऱ्याच झूम लेन्सवर मॅक्रो असं छापलेलं असतं, पण त्या १:३ किंवा १:४ वरच थांबतात. फुलपाखरू अख्खं हवं असेल तर तेवढं पुरतं. सिलासाठी नाही.

आता सेन्सर. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, एपीएस-सी साधारण २३.५, मायक्रो फोर थर्ड्स १७.३. लेन्स १:१ वर आहे असं धरू. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर चित्राच्या रुंदीत ६००० पिक्सेल असतात, त्यातले सिलाच्या वाट्याला येतात ५००. तेवढ्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर सुमारे ७६५, आणि २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर जवळपास ९००. छोट्या किड्यासाठी छोटा सेन्सर सरस ठरतो, तोही कमी वजनात आणि कमी पैशांत. मोठ्या सेन्सरची ख्याती अंधुक उजेडातल्या कामगिरीमुळे आहे, पण त्यासाठी लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, मोठं उघडावं लागतं, आणि इतक्या जवळून नेमकं तेच करता येत नाही.

कारण फोकसची खोली. ॲपर्चर एफ-आकड्यात मोजतात; आकडा मोठा, तर छिद्र लहान. फुल-फ्रेमवर १:१ ला एफ/८ ठेवलं तर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिलिमीटर जाड असतो. सिलाचा डोळा धारदार आला की पंखाचं टोक धूसर. मग वाटतं, ॲपर्चर आणखी बंद करू, एफ/१६, एफ/२२. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. लेन्स जवळ फोकस करते तेव्हा प्रत्यक्षात मिळणारा एफ-आकडा लिहिलेल्यापेक्षा मोठा होतो. साध्या रचनेच्या लेन्समध्ये १:१ ला तो दुप्पट. म्हणजे एफ/१६ ठेवलंत तर सेन्सरला मिळतो एफ/३२. प्रकाश एक चतुर्थांश उरतो, हे झालंच. पण त्याहून मोठं नुकसान विवर्तनाचं. अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता चकती होते. एफ/३२ ला हिरव्या प्रकाशात या चकतीचा व्यास सुमारे ४३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमचा एक पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा. सगळा किडा फोकसमध्ये येतो खरा, पण सगळाच मऊ होऊन येतो. ही मर्यादा लाखाच्या लेन्सलाही चुकत नाही. म्हणून १:१ वर मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जात नाही.

हे नीट पाहायचं असेल तर लिंबाच्या झाडाभोवती घिरट्या घालणारं लिंबू फुलपाखरू घ्या. त्याच्या पंखावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. एक खवला साधारण एक दशांश मिलिमीटरचा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर १:१ ला एका खवल्यावर २५ पिक्सेल पडतात. एफ/८ ला, म्हणजे प्रत्यक्षातल्या एफ/१६ ला, विवर्तनाची चकती २१ मायक्रॉनच्या आसपास असते. त्यामुळे पिवळ्या ठिपक्याची कड जिथे काळ्यात मिसळते, तिथे पिवळे आणि काळे खवले वेगवेगळे ओळखू येतात. प्रत्येक खवल्यावर मायक्रॉन-दोन मायक्रॉन अंतराने उभ्या रेघा असतात, त्या मात्र दिसणार नाहीत. कितीही मेगापिक्सेल असू द्या. त्या पाहायला सूक्ष्मदर्शकच हवा.

लेन्स किती मिलिमीटर फोकल लांबीची घ्यावी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. ५०-६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स १:१ ला किड्यापासून ५ ते १० सेंटिमीटरवर येते. फूल, नाणी, बिया यांना चालेल, पण तेवढ्यात चतुर उडून जातो आणि आपलीच सावली विषयावर पडते. ९० ते १०५ मिलिमीटरच्या लेन्सवर लिहिलेलं सर्वांत कमी फोकस-अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास असतं. ते सेन्सरपासून मोजलेलं असतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. लेन्सच्या काचेपासून किड्यापर्यंत उरतात साधारण १३ ते १५ सेंटिमीटर. १८० मिलिमीटरची लेन्स यापेक्षाही लांब राहू देते, पण ती जड आणि महाग असते, शिवाय फ्लॅश विषयापासून दूर जातो. नागपूरच्या गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या परिसरात हातात कॅमेरा धरून फिरणाऱ्याने डोळे मिटून ९०-१०५ चा गट निवडावा. मायक्रो फोर थर्ड्सवर ६० मिलिमीटर पुरेशी होते.

मोबाइलचा मॅक्रो बहुतेक वेळा अल्ट्रावाइड लेन्सवर चालतो आणि दोन-चार सेंटिमीटरवर नेऊन टेकवावा लागतो. पानाखाली हलत नसलेली अंडी टिपायला ठीक आहे.

नवी लेन्स घ्यायची ऐपत नसेल तर अडून राहू नका. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की विशालनात ०.५ ची भर पडते, म्हणजे अनंतावर फोकस असतानाही १:२ मिळतं. ट्यूबमध्ये काच नसते, फक्त हवा, त्यामुळे बिघडायला काही नाही. दुसरा मार्ग रेनॉक्स डीसीआर-२५० सारख्या पुढे चिमटीने लागणाऱ्या भिंगाचा. ते ८ डायॉप्टरचं, म्हणजे १२५ मिलिमीटर फोकल लांबीचं आहे. २०० मिलिमीटरला लावलेल्या झूमवर ते थेट १.६ पट मोठी प्रतिमा देतं, आणि विषयापासूनचं अंतर सुमारे १२ सेंटिमीटर राहतं. अशी २०० मिलिमीटरपर्यंतची झूम घरात पडून असेल तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

उरलेले पैसे फ्लॅशवर घाला. एफ/११ ला बागेच्या सावलीत पुरेसा उजेड नसतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर भर उन्हात किडेही बाहेर नसतात. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजारावा भागच टिकतो, त्यामुळे हाताची थरथर आणि पानाची हालचाल दोन्ही गोठतात. कॅमेऱ्याचा हलका हादरा सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनला हे जमत नाही. शरीर पुढेमागे डुलतं ते त्याला सावरता येत नाही, आणि इथे तर एका मिलिमीटरने फोकस हुकतो. उघड्या फ्लॅशने भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. दुधी प्लास्टिकचा किंवा बटर पेपरचा मोठा डिफ्यूझर विषयाच्या अगदी जवळ आणला की तो डाग पसरून चमक होते आणि खालचा रंग दिसतो.

बॉडी घेताना मी तीन गोष्टी बघेन: स्क्रीन वळते का, म्हणजे चिखलात झोपावं लागणार नाही, त्या माउंटसाठी (लेन्स बसते त्या जोडासाठी) चांगली मॅक्रो लेन्स मिळते का, आणि फोकस ब्रॅकेटिंग आहे का. शेवटच्या सोयीत कॅमेरा फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर त्यांचे स्पष्ट भाग जोडून एक चित्र बनवतं. विवर्तनाची अडचण ओलांडायचा हाच प्रामाणिक मार्ग. मात्र विषय स्थिर हवा. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीची पहाट साधावी. पारा १० अंशांच्या आसपास असताना कीटकांचं शरीर थंड पडलेलं असतं, दव वाळेपर्यंत ते जागचे हलत नाहीत.

ऑटोफोकसच्या वेगाला इथे फार किंमत नाही. फोकस एका जागी ठेवून स्वतः पुढेमागे व्हायचं असतं, म्हणून जुनी, वापरलेली मॅक्रो लेन्सही उत्तम चालते. घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, अशी लेन्स सोडून द्या. आणि घेतलेली लेन्स पावसाळ्यात बॅगेत बंद ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून घ्या.