डेथ पॅनेल

डेथ पॅनेल : अमेरिकेत २००९ साली आरोग्यविमा सुधारणांच्या वादात पसरलेला खोटा राजकीय दावा. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचा कायदा आला की सरकारी अधिकाऱ्यांची समिती बसेल आणि कोणत्या म्हाताऱ्या किंवा अपंग माणसावर उपचार करायचे, कोणाला मरू द्यायचे हे ती ठरवेल, असे त्यात म्हटले होते. अशी समिती विधेयकात कुठेही नव्हती.

प्रतिनिधिगृहासमोरच्या एचआर ३२०० या विधेयकाच्या कलम १२३३ मध्ये होते ते अगदी साधे. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षे व त्यावरील नागरिकांची केंद्रीय विमा योजना. शेवटच्या आजारपणात कृत्रिम श्वासयंत्र लावायचे का, घरी राहायचे की रुग्णालयात, आपली शुद्ध हरपली तर निर्णय कोणी घ्यायचा, हे रुग्णाला डॉक्टरांशी बोलायचे असेल तर त्या भेटीची फी मेडिकेअरने द्यावी, एवढीच ती तरतूद. फी साधारणतः पाच वर्षांतून एकदा मिळणार होती आणि भेट पूर्णपणे ऐच्छिक होती. ओरेगनचे डेमोक्रॅट प्रतिनिधी अर्ल ब्लूमेनॉअर यांनी ती मांडली होती. घरातल्या माणसांना ऐन संकटात अंधारात चाचपडावे लागू नये, हा तिचा हेतू. वादाच्या गदारोळात तो कोणाच्या कानीच पडला नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या माजी लेफ्टनंट गव्हर्नर बेट्सी मॅककॉघी यांनी १६ जुलै २००९ रोजी रेडिओवरील एका मुलाखतीत सांगितले की, दर पाच वर्षांनी वृद्धांना सक्तीने समुपदेशनाला बसवून आयुष्य लवकर कसे संपवावे हे सांगितले जाणार आहे. ऐच्छिक भेट इथे सक्तीची झाली. त्याला नाव मिळाले ७ ऑगस्टला. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिले की, आपले आईवडील किंवा डाऊन सिंड्रोम असलेले आपले बाळ ओबामांच्या ‘डेथ पॅनेल’पुढे उभे राहील, अशी अमेरिका आपल्याला नको. कलमाची भाषा वाचायला वेळ लागतो. हे दोन शब्द ऐकताक्षणी मनात बसतात.

भीतीला जमीन तयार होती. ज्येष्ठांना विमा आधीच मिळत होता आणि सुधारणांचा काही खर्च मेडिकेअरमधील बचतीतून भागवायचा होता. आपले काढून दुसऱ्याला देणार, ही शंका त्यांच्या मनात होतीच, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. त्यात ऑगस्ट म्हणजे संसदेच्या सुट्टीचा महिना. प्रतिनिधी मतदारसंघांत जाहीर सभा घेत होते, तिथे आरडाओरडा होत होता आणि दूरचित्रवाणीवर तीच दृश्ये दिसत होती. विम्याविना राहिलेल्या कोट्यवधी लोकांचा मूळ प्रश्न त्यामुळे मागे पडला.

माध्यमांनी दावा तपासलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक वृत्तपत्रांनी तो खोटा असल्याचे स्पष्ट लिहिले. पॉलिटिफॅक्ट या तथ्यपडताळणी संस्थेने त्याला २००९ मधील सर्वांत मोठे असत्य ठरवले. जॉर्जियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉनी आयझॅक्सन यांनीही तो वेडगळपणा असल्याचे सांगितले. ओबामांनी ११ ऑगस्टला न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथच्या सभेत त्याचे खंडन केले. पण प्रत्येक खंडनाला तेच दोन शब्द उच्चारावे लागत होते. प्यू संशोधन केंद्राच्या त्याच महिन्यातील पाहणीत ८६ टक्के लोकांनी हा दावा ऐकला होता. ऐकलेल्यांपैकी ५० टक्क्यांना तो खोटा वाटला, ३० टक्क्यांना खरा. ब्रेंडन नायहन, जेसन रायफलर आणि पीटर यूबेल यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. पेलिन यांचे जे समर्थक राजकारणाची चांगली माहिती ठेवून होते, त्यांचा विश्वास खुलासा वाचल्यावर उलट वाढला. अज्ञान हेच अफवेचे एकमेव मूळ, हा समज त्यामुळे टिकत नाही.

आयोवाचे सिनेटर चक ग्रासली १२ ऑगस्टला एका सभेत म्हणाले की, आजीचा जीवरक्षक प्लग काढायचा की नाही हे सरकारी योजनेने ठरवता कामा नये. ते सिनेटच्या वित्त समितीतील ज्येष्ठ रिपब्लिकन सदस्य होते. समितीच्या मसुद्यातून भेटीच्या फीची ही तरतूद वगळली गेली आणि २३ मार्च २०१० रोजी सही झालेल्या कायद्यातही ती आली नाही. पुढे मेडिकेअरच्या वार्षिक तपासणीच्या नियमांत असे समुपदेशन घालण्यात आले, पण जानेवारी २०११ मध्ये, नियम लागू होऊन काही दिवस होतात तोच, प्रशासनाने ते मागे घेतले. सत्य बाजूने असताना घेतलेली ही माघार आहे, आणि तिची किंमत मरणाच्या दारातल्या रुग्णांनी मोजली.

नंतर तेच नाव मेडिकेअरचा खर्च आवरण्यासाठी कायद्याने योजलेल्या १५ सदस्यांच्या सल्लागार मंडळाला चिकटवण्यात आले. उपचार नाकारण्याचा अधिकार त्या मंडळाला नव्हता. एकही सदस्य नेमला न जाता २०१८ मध्ये ते रद्द झाले. शेवटच्या आजारपणाविषयी डॉक्टरांशी होणाऱ्या बोलण्याची स्वतंत्र फी मेडिकेअर १ जानेवारी २०१६ पासून देऊ लागली. पाच वर्षांतून एकदाच, ही मर्यादा त्या नियमात नाही.