.२२० स्विफ्ट
.२२० स्विफ्ट : अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने १९३५ मध्ये बाजारात आणलेले लघुव्यासी, अतिवेगवान रायफल-काडतूस. वुडचक, प्रेअरी डॉग, कायोटी अशा शेताला व कुरणाला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांच्या लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी ते योजले होते. गोळीचा व्यास ०.२२४ इंच (५.६९ मिमी). मूळ कारखानी काडतुसात ४८ ग्रेनची (सु. ३.१ ग्रॅम) गोळी असे आणि तिचा नळीमुखाशी वेग सेकंदाला ४,११० फूट (सु. १,२५० मी.) असल्याचे कंपनी सांगे.

उगमाविषयी मतभेद आहेत. काडतुसांवर प्रयोग करणारे ग्रोव्हनर वॉटकिन्स यांनी .२५०-३००० सॅव्हेज काडतुसाची मान (गोळी धरणारा अरुंद भाग) आवळून केलेला नमुना स्विफ्टचा पूर्वज मानला जातो. विंचेस्टरने मात्र तो तसाच न घेता १८९५ च्या सुमारास अमेरिकन नौदलासाठी बनलेल्या ६ मिमी ली काडतुसाची पुंगळी (दारू व गोळी धरणारे पितळी कवच) आधाराला घेतली. म्हणून ‘स्विफ्ट म्हणजे मान आवळलेले ली काडतूस’ असेही म्हटले जाते. पण लीची पुंगळी बिनकाठाची, तर स्विफ्टची अर्धकाठी (बुडाचा काठ किंचितच बाहेर आलेली) आहे : बुडाचा व्यास ०.४४५ इंच, काठाचा ०.४७३ इंच. काठाचे हे माप .३०-०६ या रूढ रायफल-काडतुसाच्या बोल्टला (चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा कप्पा, मागून बंद करणाऱ्या भागाला) चालणारे आहे. तेव्हा स्विफ्टला लीवर बेतलेली स्वतंत्र पुंगळी म्हणणे अधिक सयुक्तिक. वॉटकिन्स यांची मूळ कल्पना इतरांच्या हातून .२२-२५० या रूपात वाढली. रेमिंग्टनने १९६५ मध्ये तिला कारखानी मान्यता दिली.

स्विफ्ट प्रथम विंचेस्टरच्या मॉडेल ५४ आणि नंतर मॉडेल ७० रायफलींत मिळे. १९६४ मध्ये विंचेस्टरने तिच्या जागी .२२५ हे काडतूस आणले.

‘नळी खाणारे, दाबाचा भरवसा नसलेले काडतूस’ ही तिची ख्याती बरीचशी पुंगळीच्या निगेतील हयगयीमुळे झाली असावी. पुंगळीचा खांदा (मानेखालचा निमुळता भाग) उतरता, सु. २१ अंशांचा. दर वेळी बार काढल्यावर पितळ मानेकडे सरकते. मान लांबते आणि जाडही होते. लांबलेली मान चेंबरच्या टोकाला अडून गोळीला आवळते, जाड मानेला फुगायला जागा उरत नाही. दोन्ही वेळा दाब एकाएकी चढतो. यासाठी पुनर्भरणीत (वापरलेली पुंगळी पुन्हा भरताना) साइझिंगनंतर, म्हणजे साच्यातून (डायमधून) पुंगळी मूळ मापावर आणल्यावर, प्रत्येक पुंगळी कॅलिपरने मोजावी. कमाल लांबी २.२०५ इंच, त्यापुढे गेल्यास २.१९५ इंचांवर छाटून तोंडाची आतली-बाहेरची धार काढावी. मानेची परीक्षा सोपी आहे : उडालेल्या, साइझ न केलेल्या पुंगळीत नवी गोळी सैल जायला हवी. अडली तर मान बाहेरून तासावी. साइझिंग डाय गरजेपेक्षा खाली बसवून खांदा मागे ढकलल्यास बुडाच्या वर पितळ ताणून पातळ होते. बाहेर चकाकणारे कडे दिसले किंवा वाकवलेल्या तारेला आत खाच लागली, तर पुंगळी टाकून द्यावी.

आयएमआर ४०६४ सारखी मध्यम जळणगतीची दारू रूढ आहे. प्रमाण दारू-उत्पादकाच्या चालू तक्त्यातूनच घ्यावे, कमाल मापाच्या सु. १० टक्के खालून सुरुवात करावी आणि गोळी, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातील टोपी) वा पुंगळीची बनावट बदलली की पुन्हा खालूनच चढावे. चपटा झालेला प्रायमर, उचलायला जड जाणारा बोल्ट व बुडावर उमटलेला एजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा ही जादा दाबाची लक्षणे. मात्र ती दिसली नाहीत म्हणून दाब योग्य आहे असे ठरत नाही.

जुन्या नळ्यांचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतील खाचांचा वळसा) १४ इंचांत एक फेरा असे. ४,००० फूट वेगाला गोळी मिनिटाला सु. २ लाख ५ हजार फेरे घेते. .२२ हॉर्नेट या मंद काडतुसाच्या वेगासाठी घडवलेली पातळ कवचाची गोळी इथे हवेतच फुटते. लक्ष्यावर छिद्रच उमटत नाही. उलट, या पिळात साधारण ५५-६० ग्रेनपेक्षा जड व लांब गोळी स्थिरावत नाही. हलकी गोळी वेगही लवकर गमावते, त्यामुळे आडव्या वाऱ्यात नेम बराच सरकतो.

नळीची झीज प्रामुख्याने पीळ सुरू होतो तिथे, तापलेल्या वायूंनी होते. भराभर बार काढल्याने ती वाढते. नळी हाताला सोसवेनाशी होण्याआधी थांबावे. अर्धकाठामुळे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढे ठेवावा, नाहीतर ते अडकते.