इंग्रजी नवे बोलशब्द आणि सोलापुरी बोली

नवे बोलशब्द म्हणजे इंग्रजीत तरुणांच्या तोंडी नव्याने रुळलेले अनौपचारिक शब्द व वाक्प्रचार. 'क्रिंज' (बघणाऱ्यालाच लाज वाटावी असे), 'घोस्टिंग' (काही न सांगता संपर्क तोडणे), 'नो कॅप' (थाप नाही, खरंच) ही त्यांतली परिचित उदाहरणे. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या प्रकाशकांनी वर्षाचा शब्द म्हणून २०२३ मध्ये 'रिझ', २०२४ मध्ये 'ब्रेन रॉट' आणि २०२५ मध्ये 'रेज बेट' (मुद्दाम राग आणण्यासाठी टाकलेला ऑनलाइन मजकूर) निवडला.

'रिझ' हा 'करिझ्मा'चा मधला तुकडा; भुरळ पाडण्याचे कसब असा त्याचा अर्थ. 'ब्रेन रॉट' मात्र जुना आहे. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने तो १८५४ मध्येच वापरला होता. आज तो मोबाइलवर फालतू व्हिडिओ पाहून येणाऱ्या बौद्धिक मरगळीसाठी वापरतात. 'वोक' (सामाजिक अन्यायाबद्दल जागरूक), 'स्ले' (झकास कामगिरी करणे), 'नो कॅप' असे कितीतरी शब्द कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आले. रील्समधून ते जगभर जातात तेव्हा हे मूळ पुसले जाते. तसे होऊ नये. ज्यांनी शब्द घडवले त्यांचे श्रेय नोंदले पाहिजे.

सोलापुरात हे शब्द जसेच्या तसे राहत नाहीत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदणाऱ्या या शहरात ते सरळ इथल्या क्रियापदाला जोडले जातात: "काय क्रिंज करलालास बे!" शब्द परका, पण 'करलालास' (करतोयस) आणि 'बे' (अरे) अस्सल सोलापुरी. 'कॅप' म्हणजे थाप हे इथल्या पोरांना पटकन उमगते, कारण मराठीतही टोपी घालणे म्हणजे फसवणे; दोहोंचा एकमेकांशी संबंध मात्र नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरातला मुलगा आणि कन्नड घरातला त्याचा मित्र यांच्यात असा शब्द कुणाच्याच घरचा नसतो, म्हणून तो दोघांनाही सारखाच हाताशी येतो.

परका शब्द पचवण्याची ही सवय जुनी आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या 'जुनी मिल' या कापड गिरणीपासून 'बीम' (ताण्याचे सूत गुंडाळायचा रूळ), 'बॉबिन' (सुताची रीळ) हे शब्द कामगारांच्या रोजच्या बोलण्यात आले. नक्षीदार विणकामाचे यंत्र बनवणाऱ्या जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाचे आडनाव तर इथल्या चादरीलाच चिकटले.

नव्या शब्दांचा वावर मात्र बरोबरीच्यांपुरताच आहे. शिक्षकांशी किंवा घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलताना 'बे' गळतो, आणि त्याच्यासोबत हे शब्दही सहसा गळतात.